नॉकआउट उंदरांची बातमी आली की आधी काय बघायचं

आईला आमवात झाल्यापासून आमच्या ठाण्याच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून बातमी येतेच, अमुक जीन काढून टाकला (अशा उंदराला नॉकआउट म्हणतात) आणि उंदराचे सांधे सुजलेच नाहीत, आणि मावशी लगेच विचारते औषध कधी येणार गं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून मी असे पेपर वाचते, म्हणून कसं वाचायचं ते सांगते.

पहिल्यांदा बघा सांधे सुजवले कसे. कोलॅजनच्या पद्धतीत डीबीए/१ जातीच्या उंदराला शेपटीच्या मुळाशी टाइप २ कोलॅजन (सांध्याच्या कूर्चेतलं प्रथिन) टोचतात, २१व्या दिवशी बूस्टर देतात, मग काही दिवसांनी पंजे सुजायला लागतात आणि प्रत्येक पंजाला ० ते ४ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त १६. आता नॉकआउट उंदरांचा स्कोअर कमी आला तर लगेच खूश होऊ नका, अँटीबॉडीचा (शरीर त्या कोलॅजनविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांचा) ग्राफ शोधा. अँटीबॉडीच कमी बनल्या असतील तर तो जीन आजाराच्या सुरुवातीला लागतो, आणि अँटीबॉडी तेवढ्याच असून सूज कमी असेल तर खरी गंमत सांध्यातच आहे. हे पक्कं करायला के/बीएक्सएन उंदरांचं (यांना आपोआप संधिवात होतो) सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, टोचतात, त्यात अँटीबॉडी तयारच असतात, दोन-तीन दिवसांत सूज येते. मला हा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण डॉक्टरकडे जाईपर्यंत आईच्या अँटीबॉडी बनून झालेल्या होत्या.

मग उंदराची जात. आयएल-१ला (सूज वाढवणारं प्रथिन) अडवणारा आयएल-१आरए हा जीन काढला तर बाल्ब/सी उंदरांना काही न टोचता आपोआप संधिवात होतो, सी५७ब्लॅक/६ ला होत नाही! म्हणून तुलनेला त्याच वेतातली भावंडं घेतलीत का ते बघायचंच.

अंदाज उलटेही पडतात. इंटरफेरॉन गॅमा (पेशींना निरोप देणारं प्रथिन) सूज वाढवतो असं वाटायचं, पण त्याचा रिसेप्टर (पेशीवरची तो निरोप घेणारी जागा) नसलेल्या उंदरांना कोलॅजननंतर संधिवात उलट लवकर आणि जोरात झाला. आयएल-६ चं (हेही निरोप देणारं प्रथिनच) मात्र जमलं, तो नसलेले उंदीर संधिवातापासून वाचले आणि आज त्याचा रिसेप्टर अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध माणसांना देतात.

शेवटचं म्हणजे जीन कधी बंद केला. साध्या नॉकआउटमध्ये तो गर्भापासूनच नसतो. टॅमॉक्सिफेन (खास बनवलेल्या उंदरांत हवा तेव्हा जीन बंद करायला वापरतात ते औषध) देऊन, सूज आल्यावर, म्हणजे माणसाला औषध मिळतं तशा वेळी बंद केला असेल, तर ती बातमी मी मावशीला स्वतःहून पाठवते.