गळक्या पितळी जगाची दुरुस्ती

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला नक्षीदार पितळी जग. आत हिरवट थर, आणि कानाच्या सांध्यातून पाणी झिरपायचं.

चिंचेचा कोळ आणि मीठ लावून मऊ ब्रशने घासला. तारेची घासणी नको, नक्षी बोथट होते. खाचांतला काळेपणा मी मुद्दाम ठेवला. त्याशिवाय वेलबुट्टी उठून दिसत नाही.

खरी गोम सांध्यात होती. शिसं-कथलाच्या साध्या झाळणीने गळती थांबते, पण ती १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते आणि कल्हईचं कथील २३२ अंशांना. म्हणजे कल्हई करतानाच कान सुटणार! शिवाय पिण्याच्या भांड्याला शिसं नकोच. म्हणून तांबट आळीत आधी सांधा पितळेच्या झाळणीने पक्का करून घेतला, मग आतून कल्हई. नवसागराचा धूर नाकात जातो, लांब उभे राहा.

आता त्यात फक्त पाणी. ताक, पन्हं, कोकम सरबत काचेच्या भांड्यात. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई. कधी निशिगंध ठेवला तर आत स्टीलचा पेला बसवून.