जोराच्या वाऱ्यात जाइब मारायची तर बोट पळत असतानाच

इंदूरहून शनिवारी पहाटे निघून भोपाळच्या मोठ्या तलावावर रेसला उतरणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. जाइब म्हणजे मागून वारा घेत वळताना शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेणं. वारा १५ ते २० नॉट (ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटर), बोट लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची एका शिडाची छोटी बोट. लाइफ जॅकेट, हातमोजे, प्यायचं पाणी, बोटीच्या बुडाची बुचं हे सगळं तुम्ही बघितलंच असेल.

शीड चढवताना कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) इतकी ओढा की शिडातलं तिचं भोक बूमपर्यंत, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीपर्यंत, खाली येईल. आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारी दोरी) ताठ. मेनशीट म्हणजे शीड ओढायचा-सोडायचा दोर, पुढे नुसती शीट; तिच्या टोकाला गाठ मारा. ती अशा जागी हवी की बूम बोटीशी काटकोनापलीकडे जाणारच नाही.

स्टार्ट नेहमीचाच: पाच मिनिटं, चार, एक, शून्य असे इशारे. स्टारबोर्डवर, म्हणजे वारा उजव्या बाजूने घेत, राहा. वर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे, जाताना झोत आला की शीट वीतभर सोडा, बोट सपाट झाली की परत ओढा. कलत्या बोटीत सुकाणूशी झगडण्यात अर्थ नाही.

आता जाइब. रेस हातची जाते ती इथेच. ‘वारा जास्त आहे, जरा थांबा, बोट मंद होऊ द्या, मग हळूच बूम फिरवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि नवशिक्यांच्या बोटी बहुतेक त्यानेच उलटतात. वारा १८ नॉटचा आहे आणि बोट त्याच दिशेने ८ नॉटने पळते आहे, तर शिडाला जाणवतो १० नॉटचा वारा. बोट थांबली की तेच शीड पूर्ण १८ झेलतं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे थांबलेल्या बोटीत तुमच्या डोक्यावरून येणाऱ्या बूमला तिपटीहून जास्त जोर असतो. म्हणून झोत येऊन गेला, बोट लाटेवरून घसरायला लागली, हातातली शीट हलकी झाली, की तोच क्षण.

त्याआधी तीन गोष्टी. डॅगरबोर्ड (बोटीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी) सगळं वर काढू नका. किनाऱ्यावरच बूम हाताने फिरवून बघा आणि बोर्ड व्हँगला (बूम खाली धरून ठेवणाऱ्या दोरीला) जिथे लागत नाही तिथे त्यावर पेनाने खूण करा. त्या खुणेच्या वर बोर्ड नको, नाहीतर ऐन जाइबमध्ये बूम अडकतं आणि बोट आडवी होते. व्हँग फार सैल नको. शिडाची सगळ्यात वरची पट्टी डोलकाठीच्या पुढे झुकली की व्हँग सैल आहे असं समजा. मग बोट वाऱ्याच्या बाजूला डोलत डोलत तुमच्याच अंगावर उलटते. फार घट्ट केलीत तर बूमचं टोक पाण्यात घुसतं. तिसरं, शीट दोन हात ओढून घ्या.

आता नाक हळूहळू वळवा. शिडाची मागची कड फडफडली की शीटला एक जोरदार हिसका द्या. हा हिसका विसरू नका: बूम मध्ये येताना शीटचा सैल फास मागे पाण्यात पडतो आणि बोटीच्या मागच्या कोपऱ्यात अडकतो. लेझरचं हे जुनंच दुखणं आहे. डोकं खाली, पाय पलीकडे. बूम मधली रेघ ओलांडतं त्याच क्षणी टिलर (सुकाणूची दांडी) उलट दिशेला, नाक पुन्हा वाऱ्याच्या ओघात. नव्या बाजूला शीड भरल्यावर टिलर हलवलंत तर उशीर झाला, बोट वाऱ्याकडे गरकन वळून कोसळते. टिलरचा हात बदलण्याची घाई नको. आधी पलीकडे नीट बसा, टिलर पाठीमागे असलं तरी चालतं.

पाणी दोनशे किलोमीटर लांब, म्हणून पावलांचा सराव घरीच करा. सतरंजीवर बसा, पाठीमागे काठी धरा, रोज वीस वेळा बाजू बदला. पुढचा पाय कुठला हे पाण्यावर आठवत बसायला वेळ मिळत नाही.

जाइब मार्कपाशी (रेसमध्ये वळसा घालायच्या बोयापाशी) करू नका. मार्कभोवतीचा तीन बोटींच्या लांबीचा पट्टा लेझरला सुमारे १३ मीटरचा पडतो आणि त्यात आतल्या बोटीला जागा द्यावी लागते. मार्कच्या चार-पाच बोटींच्या लांबीइतकं आधीच जाइब उरका. वारा २० च्या वर गेला आणि हात थकले असतील तर जाइब सोडा, वर वळून टॅक मारून, म्हणजे नाक वाऱ्यातून नेऊन, फिरा. पंधरा सेकंद जातील, उलटलात तर मिनिटं जातील. फक्त टॅक पुरी होईपर्यंत बाकीच्या बोटींपासून दूर राहणं तुमच्याकडे.

उलटलातच तर आधी शीट मोकळी करा, मग बोर्डावर चढा. नाक वाऱ्याकडे आलं की बोट उभी करा, नाहीतर वर येताच ती दुसऱ्या बाजूला पडेल.