प्रोसेसर नव्हे, डिस्क अडली होती

लक्ष्मीपुरीत दाजींचं धान्याचं दुकान आहे. तिथला बिलिंगचा पीसी इतका रखडायचा की गिऱ्हाईक ताटकळायचं. "प्रोसेसर जुना झालाय, सगळा सेटच बदला," असं एकानं सांगितलं. दाजींना म्हटलं, थांबा, आधी बघू तरी.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, कोणता भाग किती कामात आहे ते त्यात दिसतं. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १० टक्क्यांच्या आसपास, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) जवळपास भरलेली आणि डिस्क सलग १०० टक्के कामात. म्हणजे प्रोसेसर नुसता डिस्कची वाट बघत बसलेला. त्यात रॅम भरली की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर ढकलतं, भार आणखी वाढतो.

प्रोसेसर कोअर आय५-४५७०. आकड्यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ची. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), वेग ३.२ गिगाहर्ट्झ. बिलिंगला भरपूर झालं! (दोन पिढ्यांची तुलना नुसत्या गिगाहर्ट्झवर करू नका, नवा कोअर तेवढ्याच गिगाहर्ट्झला जास्त काम उरकतो.)

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, हेड जागा शोधत हिंडतं. विंडोजला सुरू होताना ढीगभर बारीक फायली लागतात, वेळ तिथंच जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. म्हणून २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी) घेऊन त्यावर जुनी डिस्क क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी उतरवली. या मदरबोर्डावर एसएसडी थेट बसवायचा एम.२ स्लॉटच नाही, त्यामुळे एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडीचा प्रश्न नव्हता. रॅम ८ जीबी केली, तीही आधीच्याच डीडीआर३ प्रकारची. नंतरच्या डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

आता बिल लगेच निघतं. जुनी डिस्क बॅकअपला ठेवलीय.