केइरो नो हि: वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी सहभोजन कसे आयोजित करावे

जपानमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी केइरो नो हि, म्हणजे ज्येष्ठांच्या सन्मानाची राष्ट्रीय सुट्टी असते. १९४७ साली ह्योगो प्रांतातील नोमातानी गावाने भरवलेल्या वृद्धांच्या मेळाव्यातून ही प्रथा निघाली असल्यामुळे, चोनाइकाइने, म्हणजे वस्तीच्या मंडळाने, पंगत मांडणे हे या दिवसाला सर्वांत साजेसे आहे.

निमंत्रण ७५ वर्षांपुढील रहिवाशांना द्यावे. पासष्टीतल्या मंडळींना पाहुणे म्हणून बोलावलेले बरेचदा रुचत नाही. त्यांच्याकडे वाढण्याचे काम सोपवावे. यंदा कोणाला ७७ किंवा ८८ वर्षे पूर्ण होत आहेत याची नोंद आधी घ्यावी, कारण पहिल्यासाठी जांभळा आणि दुसऱ्यासाठी सोनेरी रंग ठरलेला आहे. (साठीचा लाल रंग साठ वर्षांचे कालचक्र पूर्ण झाल्याचा आहे, आपल्या षष्ट्यब्दीमागेही साठ संवत्सरांचाच हिशेब असतो.)

जेवणातला मुख्य पदार्थ म्हणजे सेकिहान, अर्थात चिकट तांदूळ आणि आझुकी हे बारीक लाल कडधान्य यांचा लालसर भात. आझुकीला एक उकळी आणून ते तुरट पाणी टाकून द्यावे, नव्या पाण्यात दाणे किंचित कच्चे राहतील इतपत शिजवावेत आणि हे दुसरे पाणी पळीने वरून पुन्हा पुन्हा ओतून हवेशी खेळवावे, म्हणजे रंग खुलतो. गार झालेल्या या पाण्यात तांदूळ रात्रभर भिजवून सकाळी दाण्यांसह सुमारे ४० मिनिटे वाफवावेत, मधून पाण्याचा हबका मारावा आणि वाढताना काळे तीळ व मीठ भुरभुरावे. तोक्योकडे आझुकीऐवजी चवळीच्या जातीचे ससागे घेतात. आझुकीची साल शिजताना फाटते आणि पोट फाटलेला दाणा हाराकिरीची आठवण देत असल्याने सामुराईंच्या या शहरात अशुभ वाटे, असे त्याचे कारण सांगितले जाते.

गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी मात्र परंपरेला मुरड घालावी. मोची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा, घशात अडकून दरवर्षी माणसे दगावतात, त्यामुळे ती टाळावी. त्यांना चिकट भाताऐवजी मऊ साधा भात, तोफू आणि चावानमुशी हा वाफवलेला अंड्याचा पदार्थ द्यावा. पातळ सूप थोडे घट्ट करावे.

मानाची जागा दारापासून सर्वांत दूर असते, पण स्वच्छतागृहही बहुधा तिथूनच लांब पडते. अशा वेळी मानापेक्षा सोय पाहावी आणि तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, बसवण्याऐवजी खुर्च्या मांडाव्यात.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी सेकिहानचा डबा त्याच दुपारी पोचवावा, आणि तो दारात ठेवून न परतता हातातच द्यावा.