ब्रिटनच्या पंतप्रधानांची बुधवारची प्रश्नोत्तरं कशी ऐकायची: बीबीसी आणि देशाचं कर्ज हे दोन विषय घेऊन

ब्रिटनच्या संसदेतली पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं आपल्याकडे बऱ्याच जणांना रीलमधूनच माहीत असतात, एक टोमणा, मागून आरडाओरडा आणि संपलं. पण पूर्ण अर्धा तास बसून बघितलं आणि नंतर लेखी नोंद काढून तपासलं तर देशाचा प्रमुख खरंच उत्तर देतोय की वेळ मारून नेतोय हे नीट कळतं. मी इथे मुद्दाम दोनच विषय घेतलेत, बीबीसीचा निःपक्षपातीपणा आणि देशाचं कर्ज, कारण निसटायला हे दोन सगळ्यात सोपे. पहिल्यात "ती स्वतंत्र संस्था आहे" म्हटलं की झालं, आणि दुसऱ्यात एखादा आकडा फेकला की समोरचा गप्प.

आधी वेळ आणि जागा. दर बुधवारी लंडनच्या दुपारी १२ ला, म्हणजे भारतात हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. संसदेला सुट्टी असेल तर नसतं. पार्लमेंट लाइव्ह टीव्ही या संसदेच्या साइटवर फुकट दिसतं, आणि हॅन्सार्ड म्हणजे सभागृहाची अधिकृत लेखी नोंद काही तासांत ऑनलाइन येते. व्हिडिओ बघा, पण मत बनवायच्या आधी हॅन्सार्ड वाचाच. आवाज आणि हातवारे बाजूला गेले की वाक्यात काय उरतं ते तिथे दिसतं.

मग कोण विचारतंय ते बघा. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न मिळतात, त्यानंतरच्या मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला दोन, बाकीच्या खासदारांची नावं सोडतीने निघतात. सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असतो, आज पंतप्रधानांचे कार्यक्रम काय, आणि खरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. विरोधक काय विचारणार हे पंतप्रधानांना आधी कळवलेलं नसतं. आपल्या लोकसभेत तारांकित प्रश्न आधी लेखी द्यावा लागतो आणि ज्या त्या खात्याचा मंत्री उत्तर देतो, दर आठवड्याला पंतप्रधानांनी कुठल्याही विषयावर उभं राहायचं असा तास आपल्याकडे नाही, म्हणून हे बघण्यासारखं आहे. सत्ताधारी बाकावरून येणारे प्रश्न बऱ्याचदा मैत्रीचे असतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नका.

सरावासाठी एक बुधवार सांगतो, १५ मार्च २०२३. पंतप्रधान ऋषी सुनक, समोर विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर. आठवडाभर आधी गॅरी लिनेकर या फुटबॉल प्रेझेंटरने सरकारच्या आश्रयविषयक धोरणाच्या भाषेवर ट्वीट केलं होतं, बीबीसीने त्याला कार्यक्रमातून बाजूला केलं, सहकाऱ्यांनी काम थांबवलं आणि मग त्याला परत घेतलं. त्यावरून स्टार्मर यांनी बीबीसीच्या निःपक्षपातीपणाबद्दल विचारलं, आणि प्रश्नोत्तरं संपल्यावर लगेच अर्थमंत्री जेरेमी हंट बजेट मांडायला उभे राहिले. एकाच दुपारी दोन्ही विषय.

बीबीसीवरचं उत्तर कसं तपासायचं. कागदावर दोन रकाने करा. एकात सरकारच्या हातात नसलेल्या गोष्टी, म्हणजे कुठली बातमी चालवायची, कुठला प्रेझेंटर ठेवायचा, एखादा कार्यक्रम नियमात बसतो का. हे बीबीसी आणि २०१७ पासून ऑफकॉम हा नियामक बघतो. ऑफकॉमच्या प्रसारण संहितेचा पाचवा भाग निःपक्षपातीपणावर आहे आणि त्यात प्रत्येक बाजूला मोजून सारखी मिनिटं द्या असं म्हटलेलं नाही, विषयाला साजेसा समतोल ठेवा असं आहे. दुसऱ्या रकान्यात सरकारच्या हातातल्या गोष्टी: अध्यक्षाची नेमणूक, लायसन्स फी म्हणजे टीव्हीसाठी घरटी भरावी लागणाऱ्या शुल्काची रक्कम (एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली) आणि रॉयल चार्टर, म्हणजे बीबीसी ज्यावर चालते ती सनद, जी २०२७ अखेरपर्यंतची आहे.

आता प्रश्न कुठल्या रकान्यातला ते ठरवा. एखाद्या अँकरला काढा असं कोणी म्हणालं आणि पंतप्रधान म्हणाले की ते आमचं काम नाही, तर ते बरोबर उत्तर आहे, त्यांना पळपुटं म्हणू नका. पण प्रश्न अध्यक्षाबद्दल असेल आणि तरी उत्तर "बीबीसी स्वतंत्र आहे" एवढंच असेल तर ते अपुरं आहे. रिचर्ड शार्प यांना अध्यक्ष सरकारनेच केलं होतं, बोरिस जॉन्सन यांच्या ८ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाच्या हमीत आपला हातभार होता हे त्यांनी नेमणुकीच्या वेळी नीट उघड केलं नाही असं चौकशीत आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तिथे सरकारला हात झटकता येत नाहीत, माझं तरी हेच ठाम मत आहे. तसंच नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या भाषणाच्या बीबीसीने केलेल्या एडिटिंगवरून महासंचालक टिम डेव्ही यांनी राजीनामा जाहीर केला, तेव्हाची प्रश्नोत्तरं काढून हेच दोन रकाने वापरून वाचा. हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही, २०१७ ला सुरू झालेली बीबीसी मराठी आपल्यातले कितीतरी जण रोज वाचतात.

कर्जावरचं उत्तर कसं तपासायचं. इथे जरा जास्त वेळ द्या. पहिलं म्हणजे तूट आणि कर्ज वेगळं करा. तूट म्हणजे या वर्षी नव्याने घेतलेली उधारी, कर्ज म्हणजे आजवर साचलेली एकूण. तूट कमी झाली तरी कर्ज वाढतच असतं, आणि पंतप्रधान एकाबद्दल विचारल्यावर दुसऱ्याबद्दल बोलले तर तिथेच खूण करा. दुसरं, आकडा पौंडांत आहे की जीडीपीच्या टक्क्यांत. तिसरं, कधीपासून कधीपर्यंत, आणि तो झालेला आकडा आहे की अंदाज. चौथं, कुठली मोजणी, बँक ऑफ इंग्लंड धरून की वगळून.

त्या मार्चच्या बजेटमध्ये हंट यांनी मूळ कर्जाचे (म्हणजे बँक ऑफ इंग्लंड वगळून) दिलेले अंदाज बघा: जीडीपीच्या ९२.४ टक्के, मग ९३.७, ९४.६, ९४.८ आणि शेवटच्या वर्षी, २०२७-२८ ला, ९४.६. म्हणजे चार वर्षं चढतं आणि पाचव्या वर्षी ०.२ ने उतरतं, आणि याच्या जोरावर "कर्ज उतरणार" असं म्हणता येतं. सुनक यांच्या पाच वचनांपैकी एक कर्ज उतरवण्याचंच होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते सभागृहात म्हणाले की आम्ही कर्ज कमी केलंय, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारी आकडेवारीच्या वापरावर लक्ष ठेवणाऱ्या सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष रॉबर्ट चोट यांनी लेखी कळवलं की साधा माणूस त्या बोलण्याचा सरकार लावतंय तसा अर्थ लावणार नाही आणि त्याने लोकांचा विश्वास कमी होऊ शकतो. डेव्हिड कॅमेरॉन यांचंही २०१३ ला असंच झालं होतं, आम्ही देशाचं कर्ज फेडतोय म्हणाले, आणि प्राधिकरणाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी आकडे पुढे ठेवले की कर्ज जीडीपीच्या साधारण ५५ टक्क्यांवरून ७० च्या वर गेलंय. पक्ष कुठलाही असो, तपासणी तीच करा.

खरे आकडे ओएनएस या सांख्यिकी कार्यालयाच्या साइटवर दर महिन्याला येतात आणि अंदाज ओबीआरचे असतात, ती २०१० ला स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे. पंतप्रधानांनी वापरलेला आकडा दोन्हीकडे शोधा. कुठेच सापडला नाही तर प्राधिकरणाला कोणीही लिहू शकतं, त्यासाठी खासदार असायची गरज नाही.

चूक निघाली तर. मंत्र्यांच्या आचारसंहितेत आहे की नकळत चूक झाली तर लवकरात लवकर दुरुस्त करायची आणि जाणूनबुजून दिशाभूल केली तर राजीनामा देणं अपेक्षित आहे. म्हणून पुढचे काही दिवस हॅन्सार्डमधल्या दुरुस्त्या बघत राहा. सभागृहात मात्र कोणी कोणाला खोटारडा म्हणू शकत नाही, म्हटलं आणि शब्द मागे घेतला नाही तर बाहेर काढतात. जुलै २०२१ मध्ये डॉन बटलर यांना आणि जानेवारी २०२२ मध्ये इयन ब्लॅकफोर्ड यांना असंच जावं लागलं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी अजून एक, भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून कायदेशीर राहणाऱ्यांना तिथे मतदार नोंदणी करता येते. मतदार असा वा नसा, तुम्ही राहता त्या मतदारसंघाच्या खासदाराला ईमेल करा. पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाका, नाहीतर उत्तर येणार नाही. पंतप्रधानांचं वाक्य हॅन्सार्डमधून तारखेसकट चिकटवा, खाली ओएनएसचा आकडा द्या आणि एकच मागणी करा, ट्रेझरीला म्हणजे अर्थखात्याला याबद्दल लेखी प्रश्न विचारा. बीबीसीच्या कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल तर आधी बीबीसीकडेच करावी लागते आणि तिथलं उत्तर पटलं नाही तर ऑफकॉमकडे, बाकी चॅनेलसाठी थेट ऑफकॉम.