थ्री-फिफ्टी उतरवली, टू-हंड्रेड-फोर-आर चढवली: 1978 च्या कॉर्व्हेटचा गिअरबॉक्स बदलताना

सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन 3,100 आरपीएमवर ओरडत असेल, तर शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. आमच्या हिने दोन उन्हाळे माझ्या कॉर्व्हेटमध्ये बसायचंच सोडलं होतं. गाडी 1978 ची, एल82 इंजिनाची, 350 घन इंचाची आणि कागदावर 220 हॉर्सपॉवरची. मागे तीन गिअरांचा टीएच350, म्हणजे जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दणकट डबा, पण तिसरा गिअर सरळ एकास एक, त्याच्या वर काही नाही. इथे मिशिगनमध्ये हायवेला लागलं की चौथ्या गिअरसाठी हात शिवशिवतो आणि तो गिअर गाडीत नसतोच.

मूळचा मी इचलकरंजीचा. आमच्याकडे मागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आधी कान लावायचा आणि मग पाना उचलायचा. तुम्हीही तेच करा. पुष्कळ लोक चांगला टीएच350 'गेला' म्हणून काढून टाकतात. गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडत असेल, तर आधी डब्याच्या उजव्या बाजूला मागे असलेला व्हॅक्यूम मॉड्युलेटर बघा. इंजिनाच्या ओढीवरून गिअर कधी पडायचा ते ठरवणारी ही डबी. इंजिनाकडून त्याच्याकडे येणारी रबरी नळी चाळीस वर्षांत तडकलेली असते. ती काढून हुंगा, बोट घाला. आत लाल तेल लागलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरचं तेल पितंय. मागून पांढरा धूर येतो तो त्याचाच. हे अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर तेलाचं पॅन उतरवा. तळाला राखेसारखी करडी पूड असेल तर वयोमानाप्रमाणे ठीक. चकाकणारे तुकडे दिसले किंवा तेलाला जळका वास आला, तर मात्र डबा उतरवायचाच.

माझा डबा तसा ठणठणीत होता. मला चौथा गिअर हवा होता, एवढंच.

जनरल मोटर्सचे दोन डबे या कामाला चालतात. 700आर4 आणि 200-4आर. पहिला खुद्द 1982 च्या कॉर्व्हेटमध्ये यायचा, म्हणून सगळे आधी त्याच्याकडे वळतात. त्याचा पहिला गिअर 3.06, दुसरा 1.63. मधली दरी जाणवते. दुसऱ्यावर गेलात की इंजिन खाली बसतं. 200-4आरचे गिअर 2.74, 1.57, 1.00 आणि 0.67 असे पायऱ्यांसारखे उतरतात. शिवाय त्याची लांबी आखूड शेपटीच्या टीएच350 इतकीच, पावणेअठ्ठावीस इंचांच्या आसपास, आणि मागच्या शाफ्टचे 27 दाते तेच. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट कापायला नको, योकही (शाफ्टचं डब्यात घुसणारं टोक) जुनाच चालतो. 700आर4 तीनेक इंच लांब. 'टू-हंड्रेड' नाव ऐकून लोक नाक मुरडतात, कारण जुना तीन गिअरांचा टीएच200 नाजूक होता. पण ब्यूइक ग्रँड नॅशनलच्या टर्बो इंजिनामागे हाच 200-4आर असायचा. 700आर4 च घ्यायचा असेल तर 1982 ते 84 मधले सुरुवातीचे डबे टाळा.

डबा विकत घेण्याआधी मागच्या डिफरन्शियलचा रेशो मोजा. ही पायरी सगळे गाळतात. पुढच्या चाकांना ओट लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, गिअर न्यूट्रलला. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि दोन्ही चाकं मिळून एक पूर्ण फेरा फिरवा. शाफ्ट तीनपेक्षा जेमतेम जास्त फिरला तर 3.08, साडेतीनच्या किंचित पुढे गेला तर 3.55. माझ्याकडे 3.55 होता. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे 0.67 च्या चौथ्या गिअरमध्ये, तोच 2.38 सारखा वागतो आणि सत्तरला इंजिन 2,080 च्या आसपास फिरतं. छान. पण 3.08 असेल तर सत्तरला 1,800 आरपीएम येतात, आणि त्या काळचं कार्ब्युरेटरवालं इंजिन चढावर धापा टाकतं. अशांनी आधी मागचा रेशो बदलायचा विचार करावा, नाहीतर चौथा गिअर हौसेपुरता राहील.

उतरवण्याच्या कामाच्या खोलात नाही शिरत, दोन-चार गोष्टी सांगतो. गाडी फायबरग्लासची आहे, जॅक आणि स्टँड लोखंडी फ्रेमलाच लागले पाहिजेत. आणि बॅटरी सोडल्यावर लगेच डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. डब्याची शेपटी खाली सोडली की इंजिन मागे कलतं आणि ती टोपी मागच्या भिंतीवर आपटून फुटते. शेपटी मात्र सोडावीच लागते, कारण बेलहाउसिंगच्या (डब्याचं इंजिनाला जुळणारं रुंद तोंड) वरच्या दोन बोल्टांपर्यंत पोचायचा रस्ता मागूनच आहे. दोन-अडीच फूट एक्स्टेन्शन जोडून, डोकं फ्लोअरला टेकवून, शिव्या देत. एक्झॉस्टचा वाय पाइपही आधी उतरवावा लागतो. त्याच्या बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. डबा 55 किलोच्या घरात भरतो. छातीवर घेऊन उतरवणारे शूर मी पाहिलेत. तुम्ही ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा आणि डब्याला पट्टा बांधा.

जुना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून डब्याला देणारा गोळा, नव्या डब्याला बसत नाही. 200-4आरचाच लॉकअपवाला घ्या, म्हणजे हायवेला घसर न होता इंजिन आणि डबा थेट जोडणारा. फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टरमधली पातळ चकती, मात्र जुनीच ठेवा. 1986 पासूनच्या 350 इंजिनांच्या फ्लेक्सप्लेटवर तोल साधणारं वजन असतं. ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, जुन्या क्रँकच्या बोल्टांना ती बसतच नाही.

आता कन्व्हर्टर बसवणं. डबा शेपटीवर उभा धरा, बेलहाउसिंगचं तोंड वर. कन्व्हर्टरमध्ये एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) तेल ओता, त्याच्या मानेला बोटाने तेल लावा आणि शाफ्टवर अलगद सोडा. मग दोन्ही हातांनी दाबत दाबत डावी-उजवीकडे फिरवा. पहिल्यांदा 'खट्' होतं, थोडा खाली बसतो. परत फिरवा, दुसरं 'खट्'. इथे बहुतेकांना वाटतं झालं. झालेलं नसतं. तिसरं 'खट्' डब्यातल्या तेलाच्या पंपाचं असतं आणि ते कधीकधी पाच-दहा मिनिटं येत नाही. ते आलं की कन्व्हर्टर आणखी अर्धा-पाऊण इंच आत जातो आणि फिरवल्यावर जडपणा जाणवतो, कारण आता तो पंपासकट फिरतोय. डबा इंजिनाला लावून बेलहाउसिंगचे सहाही बोल्ट हाताने फिरवल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि त्याच्यात व फ्लेक्सप्लेटमध्ये एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच फट दिसली पाहिजे. फट नसेल, तर बोल्ट आवळून तोंडं जुळवायचा मोह आवरा. आवळलंत की पंपाचे कान मोडतात, आणि ते कळतं सगळं जोडून इंजिन सुरू केल्यावर.

मागचा माउंट जुन्या जागेपासून साडेसहा इंच मागे जातो. या गाडीच्या ऑटोमॅटिक मॉडेलात डबा पेलणारा आडवा क्रॉस मेंबर बोल्टने लावलेला असतो, त्यामुळे नव्या जागेचा तयार क्रॉस मेंबर आणून लावता येतो. मी हौसेने घरीच वेल्डिंग केलं, आणि एक्झॉस्टला जागा ठेवायची विसरून ते परत कापलं.

कूलरच्या नळ्या जोडण्याआधी रेडिएटरमधला कूलर धुऊन घ्या. जुन्या क्लचची धूळ तिथे बसलेली असते, ती नव्या डब्यात जायला नको. रेडिएटरपुढे एक जादा छोटा कूलरही लावा. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जत्रेला, तासन् तास मुंगीच्या पावलांनी गाडी हाकलीत की त्याचे पैसे वसूल होतात.

आणि टीव्ही केबल. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. टीएच350 मध्येही कार्ब्युरेटरकडून एक केबल येते, पण ती फक्त किकडाउनची, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी. ती नसली तरी गाडी चालते. 200-4आर आणि 700आर4 मध्ये केबल डब्यातला तेलाचा दाब ठरवते. पेडल जितकं दाबाल तितका दाब वाढून क्लच घट्ट धरले गेले पाहिजेत. केबल सैल असेल तर दाब खालीच राहतो, क्लच घसरतात आणि जळतात.

हे मी वाचलेलं होतं. तरीही घाईत केबल अंदाजाने लावली आणि नोव्हायहून अ‍ॅन आर्बरला निघालो. गिअर इतके मऊ पडत होते की काही कळूच नये. लोण्यात सुरी! हिला म्हटलं, 'बघ, लेक्ससला मागे टाकलं.' ती पहिल्यांदाच गाडीत नीट टेकून बसली होती. वीसेक मैलांवर हायवेवरून उतरून सिग्नलला थांबलो तर करपलेल्या भाकरीसारखा वास. तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं, गाडी पुढे जाईना. ते लोणी म्हणजे माझे नवेकोरे क्लच घसरत होते. परत टो ट्रकवरून आलो. ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, अवाक्षर न बोलता. डबा दुसऱ्यांदा उघडावा लागला. बांधून देणाऱ्याचा त्यात काडीचा दोष नव्हता.

तर केबल अशी लावा. कार्ब्युरेटरवर थ्रॉटलच्या शाफ्टच्या मध्यापासून केबलच्या पिनेपर्यंतचं अंतर मोजा, ते 1.1 इंचाच्या आसपास हवं. मूळ क्वाड्राजेट कार्ब्युरेटरवरची किकडाउनची पिन आहे तशी चालेल असं धरू नका. होली किंवा एडलब्रॉकचा कार्ब्युरेटर असेल तर सुधारित लिव्हर आणि ब्रॅकेट लागतंच. मग इंजिन बंद ठेवून केबलच्या डोक्यावरचं बटण दाबा, आतली सरकपट्टी मागच्या भिंतीकडे पूर्ण ढकला, बटण सोडा, आणि थ्रॉटल हाताने शेवटपर्यंत उघडा. करकर करत पट्टी स्वतःच्या जागी येते. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबलही पूर्ण ताणलेली हवी, आणि आयडलला ती लोंबकळता कामा नये. एवढ्यावरही विश्वास ठेवू नका. डब्याच्या प्रेशर पोर्टला गेज लावा, इंजिन सुरू करून पार्कमध्ये केबल हाताने हळूहळू ओढा. काटा लगोलग, सलग वर चढला पाहिजे. अडखळला किंवा उशिरा हलला तर गाडी रस्त्यावर काढू नका.

लॉकअपच्या वायरिंगमध्ये बारा व्होल्ट ब्रेकच्या स्विचमधून न्या आणि अर्थ चौथ्या गिअरच्या प्रेशर स्विचमधून. ब्रेक दाबताच लॉकअप सुटलं नाही तर सिग्नलला इंजिन गचके खाऊन बंद पडेल.

तेल डेक्सरॉन. आधी पॅनमध्ये पाच क्वार्ट, इंजिन सुरू झाल्यावर लगेच आणखी. ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवा. तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये डिपस्टिक बघा.

स्पीडोमीटरचा हिशेब सोपा आहे. डब्यातल्या ड्राइव्ह गिअरचे दाते गुणिले मागचा रेशो गुणिले टायरचे मैलामागचे फेरे, भागिले 1,001. माझं गणित 15 × 3.55 × 750 ÷ 1,001, म्हणजे केबलच्या गिअरला 40 दाते. 39 पर्यंतच्या आणि 40 च्या पुढच्या गिअरची घरं (हाउसिंग) वेगळी असतात, गिअर मागवताना घरही मागवा. मी नाही मागवलं.

राहता राहिली कन्सोलवरची, गिअर दाखवणारी पाटी. तिच्यावर अजून एकच डी आहे, आणि आता न्यूट्रलनंतरचा पहिला खटका ओव्हरड्राइव्हचा आणि दुसरा साध्या डीचा. नवी पाटी मिळते, पण हिने नेलपेंटचा लाल ठिपका देऊन जागा दाखवून ठेवलीय. तिथपर्यंतच गिअर टाकायचा, असं तिचं मला सांगणं आहे.