कष्टकरी घराण्याची वंशावळ: पुण्यात कोणते कागद, कुठे आणि कसे शोधायचे

वाड्याच्या मालकाचं घराणं शोधणं सोपं. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढलं की वारसांची रांग समोर उभी राहते. त्याच वाड्याच्या मागच्या खोलीत भाडं भरत आयुष्य काढलेला हमाल, विड्या वळणारी बाई किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला मजूर त्या पत्रकात नसतो. त्याचं नाव कागदावर आलं ते अडचणीच्या वेळी. जमीन गहाण पडली, गाव धरणाखाली गेलं, पूर आला, कर्ता माणूस नोकरीत असतानाच वारला, तेव्हा कुणीतरी ते लिहून घेतलं. म्हणून आपल्याकडे काय होतं यापेक्षा आपल्यावर काय काय ओढवलं, याची यादी आधी करा.

ही यादी घरातल्या वयस्कर बायकांकडून मिळते. त्यांना सन विचारू नका, प्रसंग विचारा. लग्न पानशेतच्या पुराच्या आधी झालं की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात धाकटा चालायला लागला होता का? पूर १२ जुलै १९६१ चा, म्हणजे आधी की नंतर एवढं कळलं तरी शोधायची दहा-पंधरा वर्षं कमी होतात. प्रत्येक माणसामागे वहीचं एक पान ठेवा. त्यावर कागदावरचं नाव, घरातलं नाव, माहेर, राहिलेले पत्ते आणि कामाची ठिकाणं लिहा. पत्त्याला नावाइतकंच महत्त्व द्या. नाव प्रत्येक टेबलावर वेगळं लिहिलं जातं, चाळ तीच राहते. पेठेतला जुना घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर हे मात्र दोन वेगळे आकडे आहेत. कुठला कोणता, ते तिथल्या तिथे नोंदवा.

पहिला सरकारी कागद शाळेचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका. दाखल्यावर रजिस्टर नंबर असतो, त्यावरून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात जन्मठिकाण, जात, आधीची शाळा, दाखल तारीख, शाळा सोडल्याचं कारण हे सगळं सापडतं. मागचे-पुढचे चार-पाच नंबरही बघून घ्या. बापानं एकाच दिवशी दोन भावंडांना शाळेत घातलेलं असेल, तर दोघांचे नंबर लागून येतात. ‘आधीची शाळा’ हा रकाना सोन्यासारखा, कारण तिथून गाव कळतं. पण नुसतं ‘वडगाव’ असेल तर हुरळून जाऊ नका. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर हे सगळे एकाच जिल्ह्यात आहेत. तालुका कळेपर्यंत पुढचा अर्ज करू नये. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली धरा आणि दोन्हीकडे दोन-तीन वर्षांची सूट ठेवा. मनपाची शाळा बंद पडली असेल तर ती कुठल्या शाळेत विलीन झाली ते शिक्षण विभागात विचारा.

जन्म-मृत्यूच्या नोंदीत बहुतेकजण एकाच ठिकाणी अडकतात. नोंद कुटुंब राहतं तिथे होत नाही, घटना घडली तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद आईच्या गावी. पुण्यात जन्म असेल तर तेव्हा ती जागा पुणे नगरपालिकेत होती, पुणे किंवा खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये होती, की साधी ग्रामपंचायत होती, ते आधी ठरवा. पुणे महापालिका १९५० मध्ये झाली आणि आजची कितीतरी उपनगरं तेव्हा हद्दीबाहेरची गावं होती. जुन्या जन्मनोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतंच, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. त्यामुळे बाळाच्या नावानं शोधलं की ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस परत फिरतो. शोध बापाच्या नावानं घ्या.

गावाकडची जुनी जन्म-मृत्यू नोंद म्हणजे गाव नमुना नंबर १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते आणि पुष्कळदा मोडी लिपीत असते. अर्ज नकलेसाठीच करा आणि गाव, तालुका, पाच वर्षांचा टप्पा, बापाचं नाव हे सगळं त्यात द्या. कारकून रजिस्टरच नाही म्हणाला तर माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा, की अमुक गावाची नमुना १४ ची कोणकोणत्या वर्षांची रजिस्टरं कक्षात आहेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. माणसाबद्दल विचारलं की खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो, रजिस्टरबद्दल विचारलं की ती सबब उरत नाही.

आता नोकरीचे कागद. वंशावळीसाठी यांना कुणी हात लावत नाही, हे नवलच आहे. भविष्य निर्वाह निधीचा नमुना २, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) घोषणापत्र आणि ग्रॅच्युइटीचा नमुना ‘एफ’ या तिन्हींत कामगारानं स्वतः घरच्यांची नावं, नाती आणि वयं सांगितलेली असतात. बापाचं नाव, गावचा पत्ताही असतो. केंद्र सरकारच्या कारखान्यात असेल तर सेवा पुस्तकाच्या पहिल्या पानावर उंची आणि अंगावरच्या खुणाही सापडतात. फोटो नसलेल्या पणजोबाची एवढी ओळख दुसरीकडे कुठे मिळणार नाही. हमालांसाठी माथाडी मंडळाची नोंदणी बघा (कायदा १९६९ चा), विडी कामगारांसाठी ओळखपत्र बघा. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर वारसाच्या दाव्याची फाइल झालेली असते आणि तिच्यात अख्खं कुटुंब असतं.

‘आमची जमीनच नव्हती’ म्हणून सातबारा सोडून देऊ नका. दुसऱ्याच्या जमिनीवर कूळ असलेल्याचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात येतं आणि जुन्या उताऱ्यांत जमीन करणाराचं नावही वेगळं असे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची, म्हणजे कुळाला जमीन विकत देण्याची, प्रकरणं चालली, त्या निकालपत्रात मयत कुळाचे वारस येतात. खरा माल मात्र फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल लिहितात त्या गाव नमुना ६ मध्ये. सातबारावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक एकेक करून मागे काढत जा. कोण कधी वारला, मागे कोण उरलं, बहिणींनी हक्क सोडला का, ते त्यात लिहिलेलं असतं. नमुना ६ क हे वारसांचं रजिस्टर वेगळं मागावं लागतं. वतनी, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली, जमीन असलेल्या महार कुटुंबांनी वतनाची चौकशी आणि वतनं रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यानंतरचे पुनःप्रदानाचे (जमीन परत दिल्याचे) कागद मागावेत. धरणात गेलेल्या गावासाठी भूसंपादनाचा निवाडा बघावा, त्यात हिस्सेदारांची नावं असतात. गहाणखत दुय्यम निबंधकाकडे मिळतं, आणि त्यात दोन्ही पक्षांचं वय, धंदा, राहणार हे असतंच.

हे कागद वाचताना चार-पाच शब्द अडवतात. ‘वलद’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्याचा, पालनकर्ता, तो काका असू शकतो, मामाही. त्याला बाप समजून झाड काढलं की एक अख्खी फांदी चुकते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली या महसुली सनात ५९० मिळवले की जवळपास येतो. कुटुंब मराठवाड्यातून आलेलं असेल तर १९४८ च्या आधीचे कागद उर्दूत असण्याची तयारी ठेवा. आडनाव जुन्या नोंदीत नसलं तर घाबरू नका, ते शहरातल्या शाळेत चिकटलेलं असू शकतं.

भावकीतल्या कुणाचं जात पडताळणीचं प्रमाणपत्र झालं असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, त्यामुळे त्याच्या फाइलीत जुने कागद आधीच गोळा झालेले असतात. त्यातली वंशावळ मात्र जशीच्या तशी उचलू नका. ती प्रतिज्ञापत्रावरची असते, सोयीनं आखडलेली असते.

जनगणनेच्या घरोघरच्या पत्रकांमागे लागू नका, १९४८ च्या कायद्यानं ती गोपनीय आहेत. नाशिकच्या उपाध्यायांच्या, यात्रेकरूंची घराणी नोंदवलेल्या वह्या जरूर बघा, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांनी तिथे फार आशा ठेवू नये.

एक नातं पक्कं धरायला दोन कागद हवेत, आणि तेही एकमेकांवरून न लिहिलेले. शाळेच्या दाखल्यावरून रेशनकार्ड, त्यावरून पीएफ, अशी तारीख उतरत गेली असेल तर ते तीन पुरावे नाहीत, एकच आहे. पुरात भिजलेल्या-वाहून गेलेल्या कागदांच्या जागी नंतर काढलेल्या प्रतींनाही हेच लागू. ‘नोंद आढळून येत नाही’ हे उत्तर लेखी घ्या आणि कोणत्या वर्षांचा शोध घेतला ते त्यात लिहून मागा. नाहीतर पुढच्या पिढीतलं कुणीतरी त्याच खिडकीपाशी पुन्हा उभं राहील.

झाडाचा तक्ता काढताना तहसीलचा नमुना वापरू नका, त्यात मुली आणि सुना गळतात. प्रत्येक बाईसमोर तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. पुरुषांची नोंद अडली की बहुतेक वेळा वाट तिच्या गावावरूनच निघते.